दिवसा सांगितलेली गोष्ट

२ डिसेंबर, सोमवार

साडेपाचची एसटी आजही आली नाही! फाट्यावर मी एकटी. धरणाच्या पाण्यावरून धुकं वर चढत होतं. समोरचा डोंगर आधी पायथ्याशी पुसला गेला, मग कमरेपर्यंत, शेवटी नुसता माथा तरंगत राहिला. किती वेळ बघत होते कोण जाणे. मागून आवाज आला — "मास्तरीणबाई, उभ्याउभ्या झोपला काय? या आत. गाडीचा हारन हितं बी ऐकू येतो."

ठकूबाई. फाट्याला लागूनच घर. सत्तरी ओलांडलेली, एकटी बाई. दोन वर्षं रोज येता-जाता नुसतं हसणं होतं. आज पहिल्यांदा पडवीत गेले. दाराशी एक गोल चपटा दगड आहे, बसायला अगदी बेताचा. त्यावर बसले. ठकूबाई सुपात नाचणी पाखडत होत्या.

म्हटलं, शाळेतली पोरं म्हणतात, तुम्ही गोष्टी फार छान सांगता. एक मला सांगा की.

"दिवा लागू दे."

का?

"दिवसा गोष्ट सांगितली की वाटंवरचा माणूस वाट चुकतो." हे अगदी सरळ चेहऱ्यानं. थोड्या वेळानं उठल्या, बटण दाबलं, बल्बला हात जोडले आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

गोष्ट अशी — एका बाईनं थंडीत मडकं भरून धुकं साठवलं. तोंडाला फडकं बांधलं. उन्हाळ्यात ह्याचं पाणी होईल म्हणाली. गावानं हसून घेतलं. उन्हाळ्यात फडकं सोडलं तर मडकं रिकामं. पण हात आत घातला, तर गार लागलं.

झालं. संपली! मी विचारलं, मग तात्पर्य काय?

"ते काय असतं?"

तेवढ्यात हॉर्न वाजला.

३ डिसेंबर, मंगळवार

दिवसभर ते मडकं डोक्यात. दूरदृष्टी? मूर्खपणा? गार लागलं — हे कोणत्या रकान्यात बसवायचं?

९ डिसेंबर, सोमवार

आता एसटी चुकावी असं वाटतं, हे लिहितानाही लाज वाटते. घरी स्वयंपाक खोळंबतो. हे काही बोलत नाहीत पण कुकर त्यांनीच लावलेला असतो.

आजची — एका माणसाची म्हैस रोज दावं तोडून शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहायची. शेजारी रोज भांडायला यायचा. शेवटी मालकानं साखळदंडानं बांधली. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी शेजारी आला आणि म्हशीपुढं उभा राहिला.

"भांडायला?" मी.

"न्हाई. नुसता हुबा."

येताना गाडीत खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले, तर तो शेजारी दिसत राहिला. घोडेगावचा स्टँड आला तरी उठवेना. कंडक्टर म्हणाला, "बाई, मुक्काम गाडीतच का आज?"

१० डिसेंबर, मंगळवार

परिपाठात म्हशीची गोष्ट सांगितली. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग बोधकथा, रोजचं असतंच. पुस्तकातल्या कोल्ह्या-करकोच्यांना पोरं जांभया देतात. आज एकाचीही जांभई नाही! शेवटी मी म्हटलं, "तात्पर्य : शेजाऱ्याशी प्रेमाने वागावे." म्हणताक्षणीच गोष्ट हातातून निसटून खाली पडल्यासारखी वाटली.

आणि सकाळची वेळ. त्यांनी दिव्याचं सांगितलं होतं. पण सरस्वतीच्या फोटोपुढं समई असतेच की! दिवा लागलेला होताच.

ही पळवाट आहे, हे मला कळतं. लिहून ठेवते.

१६ डिसेंबर, सोमवार

केंद्रप्रमुख साहेब येऊन गेले. म्हशीची गोष्ट पोरांच्या तोंडून ऐकून खूश. आता 'परिसरातील बोधकथा' अशी पुस्तिका मी करायची. वीस गोष्टी, महिनाअखेर. पीडीएफ तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या ग्रुपवर जाणार, परिपाठात रोज एक वाचली जाणार. प्रत्येकीखाली एका ओळीत तात्पर्य हवंच.

मी म्हटलं, सर, काही गोष्टींना तात्पर्य नाही.

"बाई, तात्पर्याशिवाय गोष्ट म्हणजे शिक्क्याशिवाय दाखला. कोण धरणार ती?"

मला आनंद झाला. खरंच झाला. मुखपृष्ठावर माझं आणि शाळेचं नाव येणार. संध्याकाळी ठकूबाईंना सांगितलं की तुमचं नाव आत घालीन. त्या म्हणाल्या, "माझं कशाला? मी काय रेशनच्या यादीत हाय का?"

१७ डिसेंबर, मंगळवार

तेजस्विनीचा पुण्याहून फोन. मैत्रिणीशी भांडण झालंय. अर्धं ऐकलं आणि मी सुरू झाले, की माणसानं कसं एक पाऊल मागे... तर म्हणाली, "आई, आधी तात्पर्य सांगून टाक, मला लेक्चर आहे." हसून म्हणाली. पण मग आठ-आठ दिवस फोन का येत नाही, ते कळलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

एकोणीस गोष्टी झाल्या. आज विसावी मिळाली आणि ती मला सांगायला नको होती असं वाटतंय.

धुकं पडवीपर्यंत आलं होतं. ठकूबाई आज पाखडत नव्हत्या, हात मांडीवर. (एरवी हाताला काम असल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.) म्हणाल्या —

"एक व्हती भैन, एक व्हता भाव. गाव उठलं. समद्यांनी आपापलं उचललं. भाव म्हणला, मी खालच्या मुलखात जाणार, जमीन मिळती. भैन म्हणली, मी डोंगर सोडायची न्हाई. घरात जातं एकच. वरचा दगड, वरची तळी, भाव घेऊन गेला. खालची घेऊन भैन बसली."

मग?

"मग काय. बसली."

पाण्याकडून टिटवी ओरडली. त्या म्हणाल्या, "बाकीच्या सांगतीस शाळंत, सांग. पोरं येऊन सांगत्यात मला समदं. पर ही दिवसा न्हाई सांगायची. ही एक न्हाई."

पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या. मी हो म्हटलं. स्पष्ट हो म्हटलं, हे लिहून ठेवते.

२८ डिसेंबर, शनिवार

एकोणीस! विसावी सुचत नाही. आठवडाभर ठकूबाई तळेघरला मावसबहिणीकडे. साहेबांचे दोन फोन. "बाई, नाहीतर एखादी जुनी घ्या पुस्तकातली." मुखपृष्ठावर 'परिसरातील' असं छापून आत करकोचा घालू?

२९ डिसेंबर, रविवार

घातली. जात्याची.

माझा युक्तिवाद असा — मी ती दिवसा *सांगितलेली* नाही. लिहिली, तीही दिवेलागणीला. कोण कधी वाचेल ते माझ्या हातात नाही. एम. ए. झालेल्या बाईचा युक्तिवाद! पोरानं पाटी फुटल्यावर "मी नाही, पाटी आपोआप पडली" म्हणावं तसा.

आणि तळाशी ओळ हवी होती म्हणून लिहिलं — *तात्पर्य : ओढून नेलेले अर्धे कधी पुरे पडत नाही.* सुबक जमलं. साहेबांचा अंगठा आला.

८ जानेवारी, बुधवार

आज मी कशावर बसते ते कळलं.

पडवीत टेकले, तर ठकूबाईंचा हात माझ्या गुडघ्याजवळून दगडावर गेला. "हिचा खिळा गंजला," म्हणाल्या. मी उठून पाहिलं. मधोमध गंजून दगडाबरोबर झालेला लोखंडी खिळा, कडेनं टाकीचे झिजलेले घाव. जात्याची खालची तळी! महिनाभर मी त्यावर बसून शेंगा खाल्ल्या.

मग त्यांनी सांगितलं. भाऊ म्हणजे सावळाराम, पाठचा. दोघांचं घर खाली होतं, आता जिथं पाणी आहे तिथं. नवऱ्यानं टाकलं म्हणून ह्या माहेरीच राहिल्या होत्या, भावाचं लग्न ह्यांनीच लावलं. धरणापायी गाव हललं त्या दिवशी भर दुपारी ट्रक उभा. सावळारामची दोन पोरं रडून रडून लाल. ट्रकच्या फळीला धरून ह्यांनी पोरांना गोष्ट सांगितली. "उन्हात. भर बारा वाजता. मला ठावं व्हतं सांगू नये. पर पोरं रडत व्हती गं. मग काय — चुकला वाट. अठ्ठावीस वरसं झाली. अजून वाटंवरच हाय."

कोणती गोष्ट सांगितली होती, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

गाडीत बसले आणि आठवलं. पुस्तिका परवाच ग्रुपवर गेलीय. उद्या-परवा कुठल्या तरी शाळेत, लख्ख उन्हात, पोरं हात जोडून उभी असतील आणि कुणी तरी मोठ्यानं वाचेल.

९ जानेवारी, गुरुवार

स्वप्न. पाण्यावरून माणसं चाललीत, प्रत्येकाच्या डोक्यावर गोल दगड. मी काठावरून वाचून दाखवते आहे, आणि मी एकेक ओळ वाचते तसा एकेक जण वळतो आणि धुक्यात जातो. थांबायचं कसं तेच आठवत नाही.

असल्या समजुती मी मानत नाही. पोरांना मीच सांगते, मांजर आडवं गेलं तर मांजराला काम होतं. मग?

समजुतीचा प्रश्न नाहीच. मी हो म्हटलं होतं.

१० जानेवारी, शुक्रवार

साहेबांना फोन केला, एक गोष्ट काढून टाकू या. "अहो, पुढं गेलं ते गेलं! तेवढीच तर गाजतेय. मंचरचे एक सर म्हणाले, तात्पर्य डोळ्यांत पाणी आणतं."

माझ्याच डोळ्यांत आलं. दुसऱ्या कारणानं.

१३ जानेवारी, सोमवार

सांगितलं. उद्याच्या संक्रांतीसाठी त्या तीळ निवडत होत्या. मी दगडावर बसले नाही, खाली जमिनीवर बसले. म्हटलं, ठकूबाई, ती गोष्ट मी लिहून पाठवली. सगळ्या शाळांत दिवसा वाचतात. मी तुम्हाला हो म्हटलं होतं.

हात थांबले नाहीत. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "समद्या शाळांत?"

हो.

"कळंबच्या बी?"

हो. तालुक्यातल्या सगळ्याच.

"हं."

एवढंच. रागावल्या नाहीत. निघताना मूठभर तीळ माझ्या रुमालात बांधून दिले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कळंबच का विचारलं?

१४ जानेवारी, मंगळवार

त्या तिळाचे लाडू वळवले नाहीत. डबीत ठेवलेत.

२७ जानेवारी, सोमवार

पंधरा दिवस दिवा लागतो, पण गोष्ट नाही. मी जाते, जमिनीवर बसते, त्या पाखडतात. आज पोरीही आल्या होत्या — "आजी, सांग ना!" तर म्हणाल्या, "गोष्टी दमल्यात. लई लांब चालल्यात सध्या."

परिपाठात मी आता तात्पर्य सांगत नाही. गोष्ट संपली की गप्प बसते. पहिले दोन दिवस पोरं घाबरली, बाईंना बरं नाही वाटतं! आज चौथीतल्या इंद्रायणीनं आपणहून हात वर केला. "बाई, त्या मडक्यात धुकं गेलंच नव्हतं, ते गारठून मडक्यालाच चिकटलं." मग तिघी-चौघी भांडल्या. घंटा झाली तरी भांडत होत्या. मी खिडकीतून पाण्याकडे बघत ऐकत राहिले. शाळेत नोकरीला लागून एकवीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा वाटलं, परिपाठ झाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

दुपारच्या सुट्टीत एक म्हातारा आला. पांढरी टोपी, धोतर, पायांत बूट. हातात घडी घातलेला कागद. मुलं ताटं धूत होती, त्यांच्यातून सरळ माझ्यापुढं.

"ह्या गोष्टीची बाई कोण?"

मी.

"तुमी? बरं. हे खाली जे लिव्हलंय, ते खोटं हाय."

कागद उघडला. विसावी गोष्ट. *ओढून नेलेले अर्धे...* ह्या ओळीखाली पेनानं इतकी जोरात रेघ, की कागद फाटलाय.

"माझ्या नातीनं शाळंतून येऊन वाचून दाखवलं. चांगलं तालासुरात! पोरीला काय ठावं. समद्या घरादेखत माझ्यावर चोरीचा आळ, तो बी माझ्याच नातीच्या तोंडून! भावानं ओढून न्हाई नेली. भैनीनं डोक्यावर ठिवली त्याच्या, सवताच्या हातानं. म्हणली, ही घेऊन जा. दळायला तरी येशील माघारी. असं लिव्हा. तुमच्या त्या पुस्तकात असं लिव्हा!"

मी खुर्ची पुढं केली. बसला नाही.

सावळारामभाऊ? मी विचारलं.

त्याचा राग एकदम उतरला. टोपी काढली, पुन्हा घातली. "कळंबला असतो," म्हणाला. एसटीनं दीड तास! अठ्ठावीस वर्षं! मी म्हटलं, मग आला का नाही? मला असं विचारायचा काय हक्क होता? पण विचारलं.

"येणारच व्हतो. पयल्या वर्षी विहीर. मग घर. मग पोराच्या लग्नाची पत्रिका धाडली, ही आली न्हाई. मग मी बी बसलो हट्टाला. मग हट्ट बी गेला बाई, नुसती लाज राहिली. ती काय जात न्हाई." आणि मग हळूच, "हाय का?"

शाळा सुटेपर्यंत त्याला वर्गात बसवलं. पाचला निघालो. वळणावर तो थबकला, उतारावर पाण्याकडे बघत राहिला. "वाट हितून खाली जायची," म्हणाला. मी त्याच्या कोपराला धरून वरच्या रस्त्याला लावलं.

ठकूबाई पडवीत. ऊन अजून अंगणात होतं. त्यांनी मान वर केली. ओळखलं ते सुपातल्या नाचणीवरून कळलं, नाचणी खाली सांडली. आवाज मात्र साधा.

"तळी कुठाय?"

"जड हाय अक्का. टेम्पो लागंल."

"अठ्ठावीस वरसं टेम्पो घावला न्हाई व्हय रं तुला?"

"तू तरी कुठं घ्यायला आलीस?"

"मी कशाला येऊ? खालची तळी हालत असती का कुठं?"

तो दगडाशेजारी खाली बसला आणि त्यावर हात ठेवला. मी तिथून निघाले. फाट्यावर आज एसटी वेळेवर उभी होती आणि मला खिडकीतून काहीच दिसलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तेजस्विनीला फोन केला. तिनं पाऊण तास मैत्रिणीचं सांगितलं. मी "हं" आणि "मग?" एवढंच. शेवटी म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?"

८ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांना दुरुस्ती पाठवली : गोष्ट क्र. २०, तात्पर्य वगळावे. उत्तर आलं, "जागा रिकामी दिसेल." दिसू दे.

१० फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवसांनी टेम्पो येणार म्हणे, वरची तळी घेऊन. आज पडवीत त्या एकट्याच होत्या. मी विचारलं, सावळारामभाऊ कळंबला आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?

"समद्या खोऱ्याला माहीत व्हतं."

मग माझ्याकडून हो का म्हणवून घेतलंत? दिवसा सांगू नको म्हणून?

बल्ब लागला नव्हता. उन्हं तिरपी, अंगणभर. त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, पोरीसारख्या.

"नको म्हणलं, तवाच तुझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणलं, ही सांगनार. आगं, दिवसा सांगितली की वाटंवरचा माणूस वाट चुकतो ना? एकदा चुकला, तवापासनं त्याच वाटंनं सरळ चालला व्हता, अठ्ठावीस वरसं. सरळ! चुकवायला नको?"